खोली कमी करा

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचे! किल्ली फिरवली आणि सगळ्यांच्या आधी ठकीनं आत उडी मारली. नव्या घरात ज्याला त्याला आपली खोली: एक आम्हा नवराबायकोची, एक सासूबाईंची, एक आमच्या लेकीची, म्हणजे ठकीची, आणि स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची. ऊन सगळ्या खिडक्यांतून येतं. भिंतींना पोपडे आलेत, कपाट म्हणाल तर एकही धड नाही, पण ते होईल हळूहळू. ठकी आपल्या रिकाम्या खोलीत ओरडून स्वतःचाच आवाज ऐकत बसली होती. मला इतकं बरं वाटलं की सासूबाईंनी उंबऱ्यातच काढलेली खुसपटंसुद्धा मी हसून घेतली.

बुधवार, ६

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून म्हणतात. बांधायचं राहू द्या, नुसती कपाटं करायची म्हटली तर घरात तीन पक्ष पडले. सासूबाईंना सागवानच हवं. प्लायला त्या पुठ्ठा म्हणतात. ह्यांना स्टाइल हवी. मासिकांतली चित्रं कापून भिंतीला चिकटवली आहेत, सगळं राखाडी आणि हँडल नसलेलं. ती कपाटं उघडायची कशी, ते चित्रात दाखवलेलं नाही. मला परवडणारं हवं, कारण महिनाअखेर मला गाठायची असते. हिला आखूडशिंगी बहुदुधी गाय हवी, असा टोमणा सासूबाईंनी मारलाच. मारू देत.

दोन सुतार येऊन गेले. पहिल्यानं प्रश्न विचारून भंडावून सोडलं. कपड्यांच्या घड्या घालता की हँगरला लावता, घरात कुणी डावरं आहे का, मुलगी किती उंच होईल. ते मला कळत असतं तर पाटी लावून भविष्य सांगायला नसते बसले? त्याचा भाव ऐकला आणि चहाही न विचारता वाटेला लावला. दुसरा जवळपास मुकाच. आपण सांगू ते ऐकतो, तेच शब्द पुटपुटतो, मान डोलावतो. भाव पहिल्याच्या निम्मा. काम त्याला दिलं आणि मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

शनिवार, ९

आज मापं घेतली. कपाट जितकं आत जातं तितकं प्लाय जास्त लागतं, सरळ हिशेब आहे. म्हणून अडगळीच्या खोलीत उभी राहून मी सुताराला सांगितलं, खोली कमी करा. सासूबाईंच्या कपाटापाशी तेच सांगितलं. तिथे खरं कारण वेगळं होतं. कपाट उथळ असलं की त्यांना जुन्या चिंध्या कोंबता येणार नाहीत. त्यांनाही ते कळलं असावं. दात कोरून पोट भरत नाही, सूनबाई, एवढंच म्हणाल्या. ठकीच्या पुस्तकांच्या कपाटालाही मी तेच लावलं. हे मध्येच म्हणाले की डेप्थ म्हण, सुतार लोक डेप्थ म्हणतात. मी म्हटलं, आपल्या भाषेत चांगला शब्द असताना उसना कशाला आणायचा? सुतार प्रत्येक वेळी खोली कमी, खोली कमी, असं पुटपुटला आणि मान डोलावत कामाला लागला.

मंगळवार, १२

बाजारातून आले तर अडगळीची खोली नाही. स्वयंपाकघरात जिथे तिचं दार होतं तिथे सपाट भिंत आहे. नवी म्हणावी तर तिला पोपडेसुद्धा जुने आलेले. ठोकून पाहिली, भरीव. बाहेरून वळसा घालून पाहिलं, घर तिथेच संपतं. ह्यांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, अडगळीची खोली आपल्याला होतीच कुठे, म्हणून तर घर स्वस्तात पडलं. सासूबाईंचंही तेच. मायलेकांनी मिळून माझी फिरकी घेतली असणार, असं समजून मी दोघांशी अबोला धरला आहे. सुतार सासूबाईंच्या खोलीत रंधा मारत होता. त्यानं मान वर करून पाहिलंही नाही.

गुरुवार, १४

सासूबाई नाहीत.

त्यांची खोलीच नाही. सकाळी त्या आत पेपर वाचत पडल्या होत्या. सुतार कपाट संपवून बाहेर आला. मी उतू जाणारं दूध बंद करायला गेले आणि परत येते तो बोळाच्या टोकाला भिंत. हात सुजेपर्यंत भिंत बडवली, हाका मारल्या. इतक्या जिव्हाळ्यानं मी त्यांना जन्मात हाक मारली नव्हती.

हे धावत आले. म्हणाले, माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, तुला माहीत आहे, मग असं काय करतेस? बोलताना त्यांचे डोळे भरून आले. खरेच भरून आले. ही फिरकी नाही.

जेवायला ताटं घेतली तीन. वाढलं, घास तोंडात घातला, तेव्हा कुठे आठवलं की चौथं हवं होतं. म्हणजे मीसुद्धा विसरायला लागले आहे. भिंतीपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते.

शुक्रवार, १५

ह्यांना घराबाहेर पडू दिलं आणि सुताराला दारातच अडवलं. आवाज चढवून विचारलं, खोल्या कुठे गेल्या माझ्या? तो म्हणाला, वहिनी, तुम्हीच सांगितलंत, खोली कमी करा. केली.

 मी किंचाळले की अहो, कपाटाची खोली! कपाट आत किती जातं ती! माणसं राहतात ती नाही! तर म्हणतो, या भावात उलट विचारायचं नसतं. विचारणारा तुम्ही घालवलात.

म्हणजे आता ठकीची. आत खेळतेय ती. कपाट कालच लावून झालं—

शुक्रवार, दुपार

काय करून बसले मी—

धावत गेले तोवर तिचं दार फळीएवढं अरुंद झालं होतं. ठकीनं हात बाहेर काढला, मी तो धरला, पण खांदा अडकला. रडायला लागली. मी सुतारावर ओरडले, वाढवा, खोली वाढवा, हवी तेवढी वाढवा, पैशाकडे बघू नका, हात आखडता घेऊ नका! त्यानं मान डोलावली. खोली वाढवा, म्हणाला.

दार रुंद झालं. पहिल्यासारखं. मी हसले, देवा, मी हसले— आणि तिचा हात माझ्या हातातून खाली गेला. जमीनच खाली गेली. आधी पायरीएवढी, मग तिचं डोकं उंबऱ्याखाली, मग—

खोली वाढली. खोली. विहिरीची असते ती.

अजून वाढतेय.

शनिवार

शिडी पुरत नाही. चादरी, पडदे, ह्यांचे ते महागडे राखाडी पडदे, सगळे गाठी मारून सोडले. पोचत नाहीत. आवाज येतो. भूक लागली म्हणते. डबा सोडला, दोरी संपली—

शेजाऱ्यांना हाका मारल्या. आले, वाकून पाहिलं, ह्यांच्याशी हळू आवाजात बोलले, गेले. हे म्हणतात विहीर असलेलं घर घ्यायलाच नको होतं. मी म्हटलं आत ठकी आहे. म्हणतात, कोण ठकी—

लिहून ठेवते. माझी मुलगी. ठकी. हसली की गालाला खळी पडते. डाव्या— का उजव्या—

रविवार

मुलगी आहे. माझीच. नाव वर लिहिलंय पण बघायचं नाही, आपोआप आठवायला हवं, आई आहे मी तिची, आपोआप—

ठ—

सोमवार, १८

आज डोकं जरा शांत आहे. सुतार आला. आजवर कधी नव्हे ते त्यानं आपण होऊन विचारलं, हे भोक असंच उघडं ठेवायचं की वरून फळ्या ठोकायच्या? म्हटलं ठोका. खालून कुणाची तरी पोर आई आई करतेय, कानाला नुसता वैताग आहे. लोक मुलं कुठेही सोडतात आणि निस्तरायचं आपण. हे म्हणाले वर राखाडी लॅमिनेट शोभेल.

फळीचा भाव मात्र त्यानं अवाच्या सवा सांगितला. घासाघीस करायला लागले तर म्हणतो, वहिनी, शुक्रवारी तुम्हीच म्हणालात, पैशाकडे बघू नका. मी? मी असं कधी म्हणेन? ठोकायला लागलासुद्धा. सख्ख्या माणसासाठीही मी असं म्हणायची नाही, मग कुणासाठी म्हटलं अस—