शेजारच्या सीटचा ब्रेक

९ जानेवारी
पुन्हा अर्धा कप!

सासूबाईंनी चहा आणला तो पुन्हा अर्धाच. "सांडेल गं बाई हातातून." सांडला तर सांडला, फरशी पुसता येते. त्या अर्ध्यातलाही अर्धा टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी! या शहरातल्या निम्म्या बायकांना मी गाडी शिकवली. भर चौकात त्यांच्यावर ओरडायचे, ट्रकवाल्यांशी भांडायचे. आता उजवा पाय कापसाचा झालाय, बोटांना मुंग्या येतात. मल्टिपल स्क्लेरोसिस. ते नाव धड म्हणता येईपर्यंत माझं ड्रायव्हिंग स्कूल बंद झालं. गाडी खाली उभी आहे, कव्हर घालून. खिडकीतून दिसते, म्हणून मी खिडकीकडे पाठ करते.

१० जानेवारी
आंघोळ केली नाही. कोणी विचारलंही नाही.

१७ जानेवारी
मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणी. हातोडी, टाचणी, बोट नाकाला लावा, रेषेवरून चाला. सगळं नेहमीचं. मग एकदम — "मन कसं आहे?"

"ठीक."

"शेवटचं मनापासून कधी हसलात?"

"हसायला इथे सर्कस आलीय का?" — मी. नवरा ओशाळला. घाईघाईने म्हणाला, "एवढा आजार म्हटल्यावर उदास राहणारच ना, डॉक्टर. साहजिक आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "जखम झाली की दुखणं साहजिकच असतं. म्हणून आपण मलमपट्टी करायची नाही का? अहो, आजार मेंदूत आहे आणि मनही तिथेच राहतं. त्याला वेगळं औषध लागतं. माझ्याकडे लंगडत येणारी माणसं मजेत जगताना मी बघते. आणि टुणटुणीत चालणारी, पण अंथरुणातून न उठणारीही बघते."

छान बोलता येतं बाईंना, असं मनात म्हटलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मरून जावंसं वाटतं का?" अगदी सरळ, वेळ विचारावी तसं. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि धाय मोकलून रडले. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. त्याच्या रुमालात नाक शिंकरलं, तो त्याने तसाच खिशात घातला.

गोळी सुरू. शिवाय दर आठवड्याला समुपदेशक.

२९ जानेवारी
समुपदेशक हसतमुख आहेत. सध्या मला हसतमुख माणसं सोसत नाहीत.

पण प्रश्न मात्र बरा विचारला. "घरच्यांनी प्रेमापोटी तुमच्याकडून काय काय काढून घेतलं?" मी म्हटलं, काही नाही, फार जपतात. आणि मग जे तोंड सुटलं! भाजी चिरणं, इस्त्री, बाजार, फोन उचलणं. भांडण! माझ्याशी घरात कोणी भांडतसुद्धा नाही हो! आजारी माणसाचं म्हणणं म्हणे नेहमी बरोबर. याच्याइतका दुसरा अपमान नाही.

"यातलं एक परत घ्या," म्हणाले. "कुठलंही."

३० जानेवारी
सकाळीच सांगितलं — कप भरून हवा. काठोकाठ!

सासूबाई कप घेऊन अशा आल्या की जणू हातात साप आहे. माझा हात थरथरला. चहा बशीत, गाऊनवर, चादरीवर. त्या ओठ मिटून फडकं आणायला निघाल्या.

"ओरडा ना!" मी म्हटलं. "पूर्वी चमचा पडला तरी ओरडायचात."

त्या दारातून मागे फिरल्या. मग सुरू झाल्या! कालच चादर घातली, अंगात नाही बळ आणि चिमटा घेऊन पळ, हट्टीपणात तुझा हात धरणारी अजून जन्माला यायचीय... काय सांगू, कान तृप्त झाले! उरलेला चहा गरम गरम प्यायले. सासूबाई नंतर स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या.

२० फेब्रुवारी
गोळीने जादूबिदू झालेली नाही. पण सकाळ होते तेव्हा ती छातीवर बसत नाही.

आज खिडकीकडे तोंड करून बसले. गाडीच्या कव्हरवर मांजर झोपलं होतं, आपल्या बापाची इस्टेट असल्यासारखं. माझ्या गाडीवर! असा राग आला! केवढ्या दिवसांनी!!

२१ फेब्रुवारी
नवऱ्याला सांगून टाकलं — आता गाडी परत हवी. तो आधी हसला, मग घाबरला.

मिस्त्रीला बोलावलं. म्हणाला, "ताई, तुमची ऑटोमॅटिक आहे, काम सोपंय." स्टिअरिंगखाली एक दांडा बसवणार. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की वेग. पायाचं काही कामच नाही! डॉक्टरीणबाईंनी डोळे आणि हात तपासून हो म्हटलं. अट एकच — थकवा आला की थांबायचं आणि शेजारी गाडी चालवता येणारं माणूस हवं.

गाडी येणारं घरात दुसरं कोण? नवराच! माझा सगळ्यात भित्रा विद्यार्थी. शिकवता शिकवता लग्न जमलं, रिव्हर्स अजून जमलेला नाही.

९ मार्च
चालवली! चालवली! चालवली!

बंद कारखान्यामागचा रिकामा रस्ता. आमच्या शिकवणीच्या गाड्यांत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. माझं आयुष्य त्या सीटवर गेलं. आज तिथे हा! वळण दिसलं की याचा पाय खाली. लांबवर कुत्रं दिसलं की पाय खाली. "अरे, पाय काढ! मी आधीच ब्रेक लावलाय!" "बरं बरं." की पुन्हा खाली. बाकीचा वेळ उंटावरून शेळ्या हाकणं चालूच — हळू घे, डावीकडे बघ. मला शिकवतोय! मी गाडी थांबवून त्याला झापलं. तो हसला, मीही हसले. मनापासून. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.

घरी येऊन दगडासारखी झोपले.

१६ मार्च
आज आरशात बघून दांडा दाबला, ढकलला, वळले. हात शिकतोय. मुंग्या येतात तरी शिकतोय.

३० मार्च
संपलं.

गल्लीतून एक मुलगी सायकलवर सुसाट आली. गाडी थांबली. तिच्या चाकात आणि आमच्या गाडीत वीतभर अंतर. ती "सॉरी काकू!" म्हणून गेलीसुद्धा. मी शेजारी बघितलं तर नवऱ्याचा पाय ब्रेकवर रोवलेला, डोळे गच्च मिटलेले. आणि मी? मी काय केलं ते मला आठवतच नाही. हात बधिर होता.

"वाचली पोरगी," तो म्हणाला. वाचवली त्याने. मी एकटी असते तर...

३१ मार्च
गाडी विकून टाक म्हटलं. त्याने वाद घातला नाही. तेच जास्त लागलं.

३ एप्रिल
पडून आहे. आज अर्धा कप मीच मागितला.

६ एप्रिल
लिहू कसं! नुसता हातच नाही, सगळं अंग थरथरतंय, पण हसून!

मिस्त्री गाडीची किंमत करायला आला होता. मी खिडकीत, सासूबाई मागे. नवरा त्याला सांगत होता, "शेजारच्या ब्रेकचे वेगळे धर हं. परवा त्यानेच वाचवलं आम्हाला."

मिस्त्री म्हणाला, "कुठला ब्रेक? दोन्ही ब्रेक जोडणारी सळई तर दांडा बसवताना काढली मी. मध्ये येत होती. घरी फोन करून सांगितलं होतं, सळई परत बसवेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका म्हणून!"

नवऱ्याने वाकून पेडल हाताने दाबलं. लुळं! नुसतं लटकतंय! म्हणजे इतके दिवस हा माणूस रिकाम्या पेडलवर पाय आपटत होता!

"फोन कोणी घेतला?" सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. "आला होता बाई काहीतरी ब्रेकचा फोन. म्हटलं, बिचारीच्या डोक्याला कशाला ताप. नाही सांगितलं."

शिकवणारी म्हणून मला भोवळ यायला हवी होती. निघण्याआधी गाडी तपासा, हे जगाला मी सांगते आणि मीच तपासली नाही! मिस्त्रीला, नवऱ्याला, सासूबाईंना, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. आणि मग डोक्यात उजेड पडला.

गाडी थांबवली कोणी?

मी! या हाताने! मन नाही म्हणत होतं, डोकं विसरलं, पण हाताने दांडा ढकलला. पोरगी मी वाचवली. आणि आठवडाभर मी स्वतःला गुन्हेगार ठरवून पडून होते. किती खोटं बोलतं हे आजारी मन, आणि किती खरं वाटतं ते!

मिस्त्रीला सांगितलं, किंमतबिंमत काही नाही, आधी सळई बसव. सासूबाईंना म्हटलं, यापुढे माझ्या डोक्याला सगळा ताप द्यायचा. त्या रडत होत्या. मी त्यांना पाणी दिलं. भरून.

२७ एप्रिल
पास!!

दांड्याच्या गाडीची परीक्षा वेगळी. लायसन्सचे साहेब कपाळाला आठ्या घालून शेजारी बसले. चढावर थांबा. थांबले. निघा. एक इंचही मागे गेले नाही. रिव्हर्स घ्या. असा घेतला की साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवायला हव्यात."

"शिकवतेच," म्हटलं. "सोमवारपासून पुन्हा."

नवरा फाटकाबाहेर उभा होता. मी खिडकीतून अंगठा दाखवला तर गडी चक्क रस्त्यावर नाचला. सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला सांगितलं, गच्चीवर पाइप दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा. दुपारनंतर पाय पार गेला, खोलीपर्यंत भिंत धरून आले. पडल्या पडल्या छताकडे बघून हसत होते.

१८ जून
एमआरआयचा रिपोर्ट. मेंदूत नवे डाग आलेत. औषध बदलणार.

घाबरले. खूप घाबरले. पण ही नुसती भीती आहे, छातीवर बसणारं 'ते' नाही. फरक कळतो आता. दवाखान्यातून गाडी मीच घरी आणली, भर गर्दीतून. नवरा शेजारच्या सीटवर झोपला होता. चक्क घोरत!