बारादरीतली राणी

रविवार, १६ नोव्हेंबर

देवगिरीवर गाईड म्हणून आज माझा पहिला गट, आणि त्यात अण्णा! देवगाव रंगारीहून मुद्दाम आले. "बाप हाय म्हणून सांगू नको, घाबरशील," म्हणाले आणि सगळ्यांच्या मागे उभे राहिले. चिनी महालापाशी मात्र हात वर करून विचारलं, "मॅडम, हे निळं काम कशाचं?" मॅडम! घाईघाईत उत्तर दिलं.

वर बारादरीत एका बाईंनी विचारलं, राणी कुठल्या खोलीत झोपायची? मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं. आमच्यातले एक जुने गाईड कानाशी म्हणाले, "ताई, दाखवायची एखादी खोली. राणी काय तपासायला येतीय?"

उतरताना डोक्यात तेच. घराण्यात शाळा शिकलेली पहिली मी, आणि अण्णांसमोरच 'माहीत नाही'? त्यांना कमीपणा वाटला असेल का? थाप मारायला हवी होती? नाही. पण तरी...

खाली सीताफळं विकणाऱ्या मावशींनी अण्णांना विचारलं, "काय पाहिलं, दादा?"

"माझी लेक गड दाखवती," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "ठाऊक नसलं तर सरळ नाय म्हणती, थापा मारत नाय. राणी कुठं झोपायची ते कुणालाच ठाऊक नाय. माझ्या लेकीला बी नाय!"

'कुणालाच' असं मी म्हटलं नव्हतं. एरवी लगेच दुरुस्त केलं असतं. अण्णांचा चेहरा बघितला आणि गुपचूप सीताफळं निवडत बसले.