मोठी बॅग

तीर्थस्वरूप भाऊजी,

थंड हवेच्या ठिकाणी जायचं यंदा रद्द झालं, असं तुमच्या धाकट्या भावाने सांगितलं ती शुद्ध थाप आहे. शनिवारी आम्ही निघतोय. दर वेळी तुम्ही पहाटे साडेचारला पांघरुणं ओढून आम्हाला सूर्योदयाला नेता आणि धुक्यात काही दिसत नाही, म्हणून ‘यंदा दोघंच जाऊ’ असा हट्ट मीच धरला.

पण मोठी बॅग तुमच्याकडे आहे. आणि सूर्योदयाची वाट आम्हाला ठाऊकच नाही; इतकी वर्षं तुमच्या टॉर्चमागे झोपेत चालत आलो.

हे पत्र टाकत नाही. उद्या फोनवर फक्त बॅग मागेन. कशाला, ते तुम्ही विचारालच, आणि मला खोटं बोलता येत नाही.

तिथल्या खोलीत तिसरी खाट सांगून ठेवली आहे. पांघरुणं मात्र गादीखाली खोचून झोपणार.

तुमची धाकटी भावजय