चिमणीचं स्कोअरकार्ड

३ ऑक्टोबर, सोमवार

मनगटाला पट्टी बांधूनच आज शिकवलं. पाच जण. पाचही निवृत्तीला टेकलेले साहेब. सगळ्यांना चेंडू लांब मारायचाय, सरळ कुणालाच मारायचा नाही. एक तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही पूर्वी खेळायचात ना?" पूर्वी! म्हणजे मी काय मेले की काय?

व्यावसायिक गोल्फर होऊन बावीस वर्षं झाली मला. तीनदा दुसरी आले. पहिली एकदाही नाही. दोन वर्षांपूर्वी मनगट गेलं, मग क्रमवारी गेली, मग टूरमधली, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांमधली, जागा. आता दर वर्षी कालच्या पोरींच्या रांगेत उभं राहून पात्रता स्पर्धा खेळायची. चार दिवस, नव्वद जणी. पहिल्या वीस जणींना वर्षभर टूरवर खेळायला मिळतं. एकविसावी गेली घरी. मागच्या वर्षी मी तेहतिसावी.

नवरा चहा ढवळत म्हणाला, "हे शेवटचं ना गं? ठरलंय आपलं."

हो बाबा, ठरलंय. या वेळी नाही जमलं तर या सरावाच्या मैदानावर कायमची शिकवणी. मैदानाच्या मॅनेजरने टी-शर्टसुद्धा करून ठेवलाय. पाठीवर हे एवढ्या अक्षरात — प्रशिक्षक. लांबूनही कुणाची चूक व्हायला नको!

५ ऑक्टोबर, बुधवार

पात्रता स्पर्धेची यादी लागली. चिमणीचं नाव आहे.

६ ऑक्टोबर, गुरुवार

काल पुढे लिहवेना. आज लिहिते.

चिमणी हे नाव मीच ठेवलेलं. अकरा वर्षांची होती, काठी तिच्यापेक्षा जड. तिचे बाबा आमच्या मैदानावर गवत कापायचं मशीन चालवायचे. सहा वर्षं शिकवलं तिला. काठी कशी धरायची, वाऱ्याचा अंदाज कसा घ्यायचा, हरल्यावर तोंड कसं ठेवायचं — सगळं. सतराव्या वर्षी तिचा मेसेज. "ताई, थोडे दिवस दुसरीकडे शिकून बघते. रागावू नका."

थोडे दिवस! तीन वर्षं झाली. तो नवा सर चार कॅमेरे लावून तिचा खांदा किती अंशात वळतो ते मोजतो. मी आपली डोळ्यांनी बघायचे. मागे एका मुलाखतीत तिला विचारलं, खेळ कुणी शिकवला? पठ्ठीने सरांचं नाव घेतलं. माझं नाही. मी हिचं काय घोडं मारलं होतं?

नवरा म्हणतो, लहान आहे ती, गांगरली असेल. त्याला सगळेच लहान वाटतात. मी सोडून.

११ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला दिवस. बरा गेला. एकोणिसावी. आईचा फोन — "पहिली आलीस का?" बावीस वर्षं हा एकच प्रश्न. आई, अगं, आज पहिलाच दिवस आहे! "मग उद्या ये."

१२ ऑक्टोबर, बुधवार

तेविसावी. मनगट ठणकतंय. कुणाशी बोलायची इच्छा नाही.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आज झकास खेळले. खोटं कशाला बोलू? अकराव्या होलवर हिरवळीवरून लांबूनच पुट ढकलला तो थेट भोकात. दोन-चार जणींनी टाळ्या वाजवल्या. पोरीच सगळ्या. आत्याबाईंनी नाचून दाखवल्यावर वाजवतात तशा!

तीन दिवसांची बेरीज करून विसाव्या जागेवर बरोबरीत दोघी. एक मी. दुसरी चिमणी. उद्या शेवटचा दिवस, जोडी आमचीच. नशिबाला दुसरं कुणी सापडत नाही.

निकालाच्या पाटीसमोर उभी होते तर ती मागून आली. "ताई, उद्या आपण एकत्र!" हसत होती. मनापासून हसत होती की काय कोण जाणे. मी म्हटलं, "हो. वेळेवर ये." सहा वर्षं हेच तर म्हणत होते.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

जसं झालं तसं लिहून काढते. इथे तरी.

आमच्या खेळात कमी फटके तो पुढे, आणि आपला आकडा आपण लिहीत नाही, जोडीदार लिहितो. म्हणजे चिमणीच्या कार्डावर मी, माझ्या कार्डावर ती. खेळ संपला की तंबूत टेबलाशी बसायचं, एकेक आकडा मोठ्याने वाचून ताडून बघायचा, दोघींनी सह्या करायच्या, कार्ड पंचाकडे. एकदा दिलं की दिलं. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केलेली निघाली तर खेळाडू बाद. मागाहून कळलं तरी बाद. मोठ्या स्पर्धेत प्रत्येक जोडीमागे मोजणारा माणूस असतो. इथे कोण असणार? झाडं!

दोघी चांगल्या खेळत होतो. तेरा होल झाले तरी बरोबरी. चौदाव्यावर तिचा दुसरा फटका वाळूच्या खड्ड्यात. तिसरा मारला, चेंडू वीतभर सरकून वाळूतच. चौथ्याला बाहेर आला, पाचव्याला आत. पाच. मीही पाचातच संपवला. तिथे माझा एक सोपा पुट हुकला होता, नाहीतर चार झाले असते, पुढे गेले असते. एवढंसं अंतर! अंगाचा तिळपापड झाला. त्या तावात पेन्सिल काढली. कार्डावर दोन ओळी असतात, एक तिची, खाली बारीक एक माझी, नुसती आठवणीसाठी. डोक्यात तोच हुकलेला चार, दोन्हीकडे चारच लिहिले मी. मुद्दाम नाही. हे मी शपथेवर सांगते. मुद्दाम नाही.

माझ्या कार्डावर तिने माझे पाच बरोबर लिहिले. पुढच्या चार होलमध्ये दोघींचे आकडे सारखेच.

तंबूत पंच चष्मा पुसत बसला होता. मी तिच्या कार्डावर माझी सही करून तिच्याकडे सरकवलं. मी म्हटलं, "वाच." ती म्हणाली, "तुम्ही लिहिलंय ना ताई? मग काय वाचायचं?" आणि पेन टेकवलं.

तेव्हा मला दिसलं. टेबलाच्या पलीकडून, उलटं. चौदाव्याखाली चार.

तोंड उघडलंही होतं. "थांब" एवढंच म्हणायचं होतं. आकडा दुरुस्त झाला असता, आम्ही बरोबरीत आलो असतो, आणखी एक होल खेळून काय तो निकाल लागला असता. पण मी गप्प बसले. का? जागा मिळेल असं तेव्हा डोक्यात नव्हतं. एवढंच वाटलं की तीन वर्षांत पहिल्यांदा हिचं काहीतरी माझ्या मुठीत आलंय. राहू दे थोडा वेळ.

पंचाने हात पुढे केला. तिने कार्ड दिलं.

अंतिम यादी — विसावी चिमणी. एकविसावी मी. एका फटक्याने.

तिने येऊन मला मिठी मारली. "ताई, सॉरी." सॉरी म्हणते! मी तिच्या पाठीवर थोपटलं. माझ्या त्या हाताची मला शिसारी येते आहे.

१५ ऑक्टोबर, शनिवार

नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता, सुरी ठेवली. "म्हणजे जागा तुझी आहे! कळव ना त्यांना. नियमच आहे तो."

"ती बाद होईल. नुसती मागे नाही पडणार. बाद."

"चूक तिची. वाचायचं ना सही करताना." मग जरा थांबून — "तुझ्या कधी लक्षात आलं?"

मी म्हटलं, घरी आल्यावर.

इतकं सहज! सुरी उचलून तो पुन्हा चिरायला लागला.

कळवलं तर स्पर्धेची कमिटी पहिला प्रश्न हाच विचारणार. कधी लक्षात आलं? तंबूत, असं म्हटलं तर चुकीचा आकडा जाणूनबुजून जाऊ दिला म्हणून मीही बाद. घरी आल्यावर, असं म्हटलं तर वर्षभर टूर. नवऱ्यापुढे तालीम तर झालीच आहे.

१६ ऑक्टोबर, रविवार

दोनदा फोन हातात घेतला. दोनदा ठेवला. हा चांगुलपणा नाही. भीतीही नाही. दोन्हींच्या मधलं काहीतरी घाणेरडं आहे.

आई — "पहिली आलीस का?"

१७ ऑक्टोबर, सोमवार

टी-शर्ट घातला. खांद्यात घट्ट होतो. साहेबांपैकी एकाने विचारलं, "मॅडम, निकाल काय लागला?" म्हटलं, एका फटक्याने हुकले. "अरेरे! एकच फटका ना? त्यात काय!" त्यात काय. याच्या चेंडूसारखं याचं डोकंही भलतीकडेच जातं.

दुपारी चिमणीचा मेसेज, लांबलचक. टूरचं पहिलं पत्र आलं. बाबा रडले. "ताई, आता कुणीही विचारलं तर मी तुमचंच नाव सांगणार. तेव्हा सर समोर उभे होते, घाबरले. तीन वर्षं तोंड दाखवायची हिंमत झाली नाही."

हे चार दिवस आधी सांगायला काय झालं होतं गं तुला?

१८ ऑक्टोबर, मंगळवार

ठरलं. काही सांगायचं नाही. तिला खेळू दे. मी इथेच बरी. मोठं मन वगैरे काही नाही, पण निदान आणखी खोटं तरी बोलावं लागणार नाही. नवऱ्याला सांगितलं, विषय संपला. तो म्हणाला, "वेडी आहेस." पण ते प्रेमाने म्हणाला, आणि तेच सहन झालं नाही.

जेवण गेलं. किती दिवसांनी!

२० ऑक्टोबर, गुरुवार

चिमणीचा फोन. रडत नव्हती. "ताई, चौदाव्यावर माझे पाच झाले होते. मंगळवारी वहीत सगळे फटके मांडायला बसले तेव्हा कळलं. तुम्हीच लावलेली सवय. काल कमिटीला जाऊन सांगून आले. मला बाद केलं. तुमचं नाव आत आलंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं ना, ताई? ते विचारत होते. मी माझ्या सहीने लिहून दिलंय, ताईंना माहीत असतं तर त्यांनी मला थांबवलंच असतं."

मी म्हटलं, "हो गं. थांबवलंच असतं."