थोरलीचा चहा

रोहा, एमआयडीसी
शुक्रवार, सकाळचे साडेनऊ

ती. भिकूकाका यांना,

श्यामलाचा वाकून नमस्कार. (वाकले म्हणजे माघार घेतली असं समजू नका. थोरली मशीनची ऑइलची टाकी भरायला वाकलेच होते, त्यातच उरकला.) तब्येत कशी आहे? साखर किती आली? गुडघा काय म्हणतो? रात्री झोप लागते ना? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी माझं काम झालं, बाकी सगळी मशीनची रडगाणी आहेत. फोन करून विचारलं असतं, पण पाच महिने तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि आता तर तो बंदच लागतो. दिनेश टेम्पो घेऊन डोलवीला माल टाकायला निघतो आहे, तसाच पुढे पेणला येऊन हे पत्र तुमच्या हातात देईल. हातात म्हणजे हातातच, दाराच्या फटीतून नाही, असं त्याला दोनदा बजावलंय. आणि कृपा करून तीनच्या आत वाचून काढा. उद्या वाचतो म्हणून उशीखाली ठेवू नका.

भांडण पुन्हा उकरायचं नाही, पण ते टाळून पुढचं सांगता येत नाही. दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस, प्लेटांची ऑर्डर संध्याकाळी जायची, आणि तुम्ही तीन चाळीसला नेहमीप्रमाणे थोरली थांबवून चहा ओतून घेतलात. मी म्हणाले, चहा काय पळून जातोय का, आता नुसती बटणं तर दाबायचीत, कोणीही दाबेल. तुम्ही चहा संपवलात, पेला विसळलात, थोरलीच्या डोक्यावर हळदीकुंकवाशेजारी पालथा घातलात आणि लेकीकडे, पारीकडे, पेणला निघून गेलात. चोवीस वर्षांची नोकरी एका पेल्यात संपवलीत. तो पेला अजून तिथेच आहे. तुमच्या जागी आलेल्या संध्याला तीनदा काढायला सांगितला. ती म्हणते, मी नाय काढायची ताई, तुम्हीच काढा. मीही काढलेला नाही.

तर तुम्ही गेल्यावर आठवड्याभरात थोरली बिघडली. बिघडली म्हणजे काय, तेच कळेना. दुपारचे तीन चाळीस झाले, कटर जॉबमध्ये अर्धा घुसलेला, संध्याचे हात पदराला पुसायला गेलेले, आणि थोरलीने आपणहून कटरसकट स्पिंडल वर उचलला, कूलंटची धार बंद केली, टेबल सावकाश डाव्या कोपऱ्यात आणून उभं केलं. तुम्ही चहाला जाताना उभं करायचात तसंच, तेवढ्याच अंतरावर. अलार्म नाही, लाल दिवा नाही. शेडमध्ये नुसता कूलंट ठिबकल्याचा आवाज. दहा मिनिटं झाली आणि जिथे सोडलं होतं तिथूनच काम पुन्हा सुरू. जॉब मोजला, केसाचाही फरक नाही. दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी थोरलीच्या दाराच्या काचेपाशी जाऊन उभी राहिले, तर काचेवर आतून वाफ धरलेली, पेल्याच्या तोंडाएवढी गोल. मी मागे सरले. (संध्या म्हणते मी पळाले. संध्याला मीठमसाला लावायची सवय आहे.)

मी अण्णांची मुलगी आहे, त्यांचा कारखाना चालवते, भुताखेतांवर वेळ घालवत नाही. आधी लाइट पाहिली. त्या वेळी मोठ्या कंपन्यांची शिफ्ट बदलते, व्होल्टेज पडत असेल म्हणून स्टॅबिलायझर बदलला. मग ऑइल पंप खोलला, जाळी धुतली. मग मागचा पत्रा काढून टेबल थांबवणाऱ्या लिमिट स्विचचा डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. आत अक्षता, सुकं खोबरं, कापराची अर्धी वडी आणि शेंदूर फासलेली एक सुपारी. काका, चोवीस खंडेनवम्यांचा प्रसाद तुम्ही तिला बाहेरून दाखवलात आणि तिने तो आतून खाल्ला. नारळ तर तुम्ही तिच्या कपाळावरच फोडायचात, पॅनलपासून वीतभर अंतरावर. वायरमन हात जोडून सांगायचा आणि तुम्ही म्हणायचात, थोरलीला पाणी बाधत नाय रे. खरंच बाधलं नाही. सगळं साफ केलं, नवा स्विच बसवला. सुपारी मात्र परत आत ठेवली. का ते विचारू नका. त्या दिवशीही ती तीन चाळीसला थांबली.

शेवटी पुण्याहून सर्व्हिस इंजिनिअर बोलावली. इशिता नाव, बूट इतके पांढरे की शेडमध्ये पाय टाकताना तिच्याच जिवावर आलं असणार. पण हुशार. दोन तास लॅपटॉप जोडून बसली आणि थोरलीच्या मेमरीच्या तळातून तिने एक छोटा प्रोग्रॅम काढून दाखवला. घड्याळात तीन चाळीस झाले की स्पिंडल वर, टेबल कोपऱ्यात, दहा मिनिटं विश्रांती. चोवीस वर्षं आम्ही समजत होतो की तुम्ही बटण दाबून थांबवता, आणि तुम्ही तिलाच चहाची सवय लावून ठेवली होतीत. अण्णांनाही पत्ता लागू दिला नाहीत. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते जरा जास्तच आलं. इशिताने विचारलं, पुसू का? मी म्हटलं, पूस. तो प्रोग्रॅम मीच पुसायला लावला, हे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी इशिता थांबली होती. तीन चाळीसला थोरलीने स्पिंडल वर उचलला, टेबल कोपऱ्यात आणलं. इशिताने मेमरी पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळली, काही नाही. मग तिने मशीनचं आतलं घड्याळ काढून पाहिलं. त्यात पहाटेचे पाच वाजून बारा मिनिटं झाली होती, वर्ष कुठलं तरी जुनंच, आणि आम्ही पाहत बसलो तरी तेरावं मिनिट उजाडलं नाही. घड्याळ कधीचंच बंद पडलेलं होतं. म्हणजे प्रोग्रॅम होता तेव्हाही तीन चाळीस झाल्याचं थोरलीला कळायला काही वाटच नव्हती. इशिताने रिपोर्टवर मशीन ठीक आहे असं लिहिलं, सही केली आणि लॅपटॉपचा चार्जर विसरून गेली. घ्यायला परत आली नाही, कुरिअरने मागवला.

आता खरा प्रकार ऐका. जानेवारीत एके दिवशी थोरली तीन चाळीसला थांबली नाही, चार पंचवीसला थांबली. दिनेश दुसऱ्या दिवशी पेणला गेला तेव्हा गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात त्याला पारी भेटली. बोलता बोलता म्हणाली, काल आमचा सिलिंडर संपला, बाबांचा चहा लांबला. योगायोग म्हणून मी सोडून दिलं. मग एकदा थोरली सकाळी अकरालाही थांबली आणि दुपारी तीन चाळीसलाही. पारीकडे विहीणबाई आल्या होत्या, असं कळलं. (त्या दिवशी आमचे दोन जॉब उशिरा गेले, त्यांना कळवा.) त्यानंतर मी दिनेशला दर खेपेला चौकशी करायला लावली. पारीला वाटलं असेल, याचं काहीतरी बिनसलंय. पण एकदाही चुकलं नाही, काका. तुम्ही पेणला पेला तोंडाला लावता आणि इथे रोह्यात थोरली थांबते. आणि दहा मिनिटं संपत आली की स्पिंडल जरासा खाली जातो, वर येतो, पुन्हा खाली, पुन्हा वर. हे काय ते कळायला मला आठवडा लागला. ती बिस्किटं आहेत. कधी दोन, कधी तीन, संकष्टीला एकही नाही. डॉक्टरने तुम्हाला एकही खायचं नाही म्हणून सांगितलंय. मला वाटायचं पारी लक्ष ठेवते.

आधी भीती वाटायची, ती कधी गेली ते कळलं नाही. आता त्या वेळी आम्हीही थांबतो. संध्या चहा ओतते, मोठ्याने कोणी बोलत नाही. मी केबिनमधून बाहेर येते, टेबल कोपऱ्यात आलं की म्हणते, आलात का. उगाचच. वाफेचा गोल पुसट झाला की जो तो आपल्या कामाला लागतो. पोरगी असताना मला तुम्ही याच मशीनवर पहिला जॉब बांधायला शिकवलात, मी घाईने हँडल फिरवायला लागले तर म्हणायचात, नाय गो बाय, थोरलीला घाई चालत नाय. ते या दहा मिनिटांत रोज आठवतं.

असो. पत्र लांबलं. पारीला आणि जावईबुवांना नमस्कार सांगा, गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
श्यामला

ता. क. थोरलीच्या स्लाइडला तुम्ही कुठलं ऑइल घालायचात ते कळवा. डबा रिकामा झालाय. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

ता. क. २. वरचं खोटं आहे. ऑइलचा नंबर डब्यावर छापलेला आहे. मंगळवारी थोरली थांबली नाही. बुधवारी नाही, काल नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखी चालते आहे, इतका माल तिने आयुष्यात कधी काढला नव्हता. संध्या तिच्या जवळ जायला तयार नाही. काल मी सहा वाजेपर्यंत काचेपाशी उभी होते, काच कोरडीच होती. तुमचा फोन बंद, पारीचाही लागत नाही. पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारली ती रीत म्हणून विचारलेली नाही.

ता. क. ३. बटणं कोणीही दाबेल असं मी म्हणाले होते. कोणीही नाही दाबू शकत, काका. माझं चुकलं. दिनेशबरोबर थर्मास पाठवलाय, सोबत तुमचा पेलाही आहे, आत्ता मीच काढला. बिस्किटांचा पुडा पिशवीत तळाशी आहे, हवी तितकी घ्या, आज मी मोजणार नाही. उत्तर लिहीत बसू नका. फक्त तीन चाळीसला पेला तोंडाला लावा. मी थोरलीपाशी उभी असेन, मला कळेल.