पहिल्या गळाचा मान

२२ जून २०२५, रविवार

रामहरीला आज परत कटला लागला. मुळा धरणाच्या बॅकवॉटरला माझ्या शेजारीच बसला होता. तेच पाणी, तीच कणीक, तोच वारा. मला दिवसभरात एक चिलापी. तीही पोरवयाची.

मी जळत नाही. जळणारा माणूस अभिनंदन करत नाही, मी केलं. फक्त एवढंच म्हणालो, की कटला जरा सुजल्यासारखा वाटतो, आजारी असेल.

घरी आलो तर सरोजिनी त्याचंच स्टेटस बघत बसलेली. म्हणाली, की रामहरीभाऊजींचा मासा केवढा आहे हो. या बाईने आजवर घरात अंडं येऊ दिलेलं नाही. मी माझे मासे काठावरच सोडून येतो ते हिच्या सोवळ्यापायी. आणि हिला परक्याचा मासा आवडतो.

संकल्प: यंदा पहिल्या गळाचा मान माझा.

२४ जून, मंगळवार

लायब्ररीत आज कोणी आलं नाही. विचाराला वेळ मिळाला.

पोळ्यानंतरच्या रविवारी मच्छीमार सोसायटी धरणाच्या पाण्याला खण-नारळ वाहते आणि विणीच्या काळात बंद ठेवलेला गळ पुन्हा सुरू होतो. त्या दिवशी पहिला गळ आमच्यासारख्या हौशी माणसांपैकी एकाने टाकायचा. कोणी, ते चेअरमन गहिनीनाथअण्णा ठरवतात. वर्षभर नियम नीट पाळणारा माणूस त्यांना हवा असतो. गेल्या वर्षी रामहरी होता. मी नारळ धरून उभा होतो. पेपरातल्या फोटोत माझं कोपर आलं आहे.

नियम सोसायटीच्या बोर्डावर आहेत. पास काढा. एका पासावर एकच गळ. वीतभराहून लहान मासा परत पाण्यात. विणीच्या काळात, म्हणजे १ जुलैपासून, गळ बंद. मला सगळे तोंडपाठ आहेत. रामहरीला पाठ नसतील. तो नुसते पाळतो.

२९ जून, रविवार

बंदीआधीचा शेवटचा रविवार, म्हणून दोन रॉड लावले. दुसरा स्टँडबाय. स्टँडबायलाही कणीक लावून पाण्यात ठेवावा लागतो, नाहीतर ऐनवेळी धावपळ होते. सोसायटीचा राखणदार बन्सी येऊन म्हणाला, की साहेब, एका पासाला एकच गळ हाय. मी त्याला स्टँडबाय ही कल्पना समजावून सांगितली. पटली असावी. दुसरा रॉड त्याने स्वतःच गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला.

मग एक रोहू लागला. लहान होता. पण वीत कोणाची, हे बोर्डावर कुठे लिहिलंय? सरोजिनीची वीत लहान आहे. तिच्या मापाने मासा भरतो, हे घरी आल्यावर तिला सांगितलंही. बादलीत ठेवला, हात पुढे करून फोटो काढला. चांगला दांडगा दिसतो. मग सोडला. लगेच पोहला नाही, विचार करत असावा.

रामहरीने तेवढाच रोहू बघताक्षणी सोडून दिला. त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. त्याचे पंजे सुपाएवढे आहेत हे कोणी बघत नाही. असल्या हाताने नियम पाळणं सोपं जातं.

१ जुलै, मंगळवार

आजपासून गळ बंद. रॉड माळ्यावर टाकले. पोळ्यापर्यंत हात लावणार नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तसं जाहीरही केलं. रामहरीने खाली नुसता अंगठा टाकला. त्याच्या अंगठ्याला सतरा जणांचे अंगठे.

६ जुलै, रविवार

एकादशी. साबुदाणा दोनदा.

रॉड माळ्यावरून काढले. रिळाला तेल द्यायला हवं होतं. तेल देणं म्हणजे मासेमारी नव्हे. तेल दिल्यावर रीळ फिरतं का हे बघायला गॅलरीतून गळ खाली टाकून बघितला. खालच्या कडूबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्यात अडकला. त्या जे बोलल्या ते एकादशीच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही. पण रीळ उत्तम फिरतं.

१३ जुलै, रविवार. रात्री

बातमी! सकाळी दूध आणायला गेलो तर रामहरी मोटरसायकलवरून धरणाच्या रस्त्याने जाताना दिसला. पाठीवर लांबलचक गुंडाळी, ताडपत्रीत बांधलेली. रॉडच तो. बंदीच्या काळात!

दिवसभर जेवण गेलं नाही. मासे सध्या अंडी घालायला काठाजवळ येतात. सगळ्या धरणात हा एकटा बसलेला, आणि भले भले मासे याच्या पायाशी. माझा जीव माशांसाठी तुटतो, दुसरं काही नाही.

२० जुलै, रविवार

आजही गेला. तीच गुंडाळी. जाताना मला हात केला. हसला वर.

सरोजिनीला सांगितलं. ती म्हणाली, की असतील काही कामाला जात, तुमच्या का पोटात दुखतंय? मी तिला विणीचा काळ, माशांची पुढची पिढी, नागरिकांची जबाबदारी, सगळं समजावलं. ती मटार सोलत होती. एकही दाणा खाली पडला नाही, म्हणजे लक्ष नव्हतं.

२४ जुलै, गुरुवार

कर्तव्य बजावलं. गहिनीनाथअण्णांना मेसेज केला, की जुन्या पंपहाऊसच्या खाली बाभळीजवळ एक इसम बंदीत गळ टाकतो, रविवारी सकाळी माणूस पाठवावा. रामहरीची ती नेहमीची जागा. मेसेजखाली सही, 'एक सुज्ञ नागरिक'. माझ्या नंबरवरून पाठवला असता तर लोक म्हणाले असते, जळतो. म्हणून सरोजिनीच्या मोबाईलवरून पाठवला आणि तिच्याकडून डिलीट केला. ती तेव्हा देवाला दिवा लावत होती.

मन कसं हलकं झालं. यंदाचा मान कोणाचा, हा प्रश्नच उरला नाही.

२७ जुलै, रविवार

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

रामहरीला पकडताना साक्षीदार हवा, म्हणून मी पहाटेच बाभळीजवळ गेलो. मोकळ्या हाताने बसलेला माणूस संशयास्पद दिसतो, म्हणून रॉड नेला. नुसता रॉड धरला तरी कोणी विचारेल, म्हणून गळ पाण्यात टाकला. गळाला कणीक होती, कारण कणकेशिवाय गळ पाण्यात टाकणं मूर्खपणाचं आहे.

रामहरी आला नाही. किती बेजबाबदार माणूस.

आणि मग रॉड वाकला. असा वाकला, की आयुष्यात कधी वाकला नव्हता. कटला. हात भरून आले. रामहरीचा तो जूनमधला याच्या पोरासारखा दिसला असता. मला रडू यायचं बाकी राहिलं. तेवढ्यात मागून कोणी चिखलातून येत होतं. रेनकोट, डोक्यावर टोपी. मी वळूनही न बघता म्हणालो, की भाऊ, जरा एक फोटो काढा. त्याने काढला. म्हणालो, मासा पूर्ण येऊ द्या. आणखी एक काढला.

मग त्याने टोपी मागे केली. बन्सी.

बन्सी म्हणाला, की साहेब, अंड्यांनी भरलेली मादी हाय ही, सोडा आधी. त्यानेच हळू पाण्यात धरली, ती गेली. माझा रॉड त्याने जप्त केला. मी त्याला सांगितलं, की मी इथे गुन्हेगाराची वाट बघतोय. तो म्हणाला, की आमीबी त्येच करत हुतो.

फोटो मात्र फार सुंदर आला आहे. त्याच्या मोबाईलमध्ये आहे.

२९ जुलै, मंगळवार

सोसायटीत बोलावलं होतं. माझा पास वर्षभरासाठी रद्द. रॉड त्यांच्याकडे. फोटो बोर्डावर, नियमांच्या खाली. मी विचारलं, की एक कॉपी मिळेल का? गहिनीनाथअण्णांनी पुढची फाईल उघडली.

रामहरीही आला होता. त्याचं ठिबकचं दुकान. गेले काही रविवार तो पलीकडच्या मळ्यात पाईप टाकायला जात होता. ताडपत्रीत पाईपच होते. तो अण्णांना म्हणाला, की यज्ञेश्वररावांना माफ करा, मानूस लई हौशी हाय. म्हणजे माझ्या माफीतही हाच पुढे.

१७ ऑगस्ट, रविवार

आनंदाची बातमी. बन्सी दुधाच्या दुकानात भेटला. त्याच्याकडून कळलं, की यंदा पहिल्या गळाचा मान ज्याने धाडस करून बंदीतल्या माणसाची खबर दिली, त्याला. अण्णांनी ठरवलंय.

खबर कोणी दिली? मी.

हे कसं मांडायचं ते ठरवतोय. एका हाताने चूक, दुसऱ्या हाताने तिची तक्रार. असा माणूस तालुक्यात दुसरा नसेल. रामहरीला आयुष्यात स्वतःची तक्रार करता येणार नाही. भाषण लिहायला घेतलं. 'मित्रहो' की 'बंधू-भगिनींनो', एवढंच ठरायचं आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

भाषण पाठ. आरशासमोर म्हणून झालं. सरोजिनीला फोन आला होता, खूप वेळ बाहेर जाऊन बोलली. हसत होती. तिच्या बहिणीचा असेल.

२४ ऑगस्ट, रविवार. दुपारी

सरोजिनी सकाळी म्हणाली, की मीही येते धरणावर. पैठणी नेसली होती. मी म्हटलं, चला, नवऱ्याचा मान बघायला बायको येतेय.

पाण्याला खण-नारळ वाहून झाला. अण्णा उभे राहिले. म्हणाले, की ज्यांनी न घाबरता खबर दिली, त्यांना यंदाचा मान. मी सदऱ्याची वरची गुंडी लावली, एक पाऊल पुढे टाकलं. अण्णा म्हणाले, सरोजिनीताई, या.

नंबर तिचा होता.

ती गेली. शांतपणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या घरातल्या माणसाचीही गय केली नाही, असं अण्णा म्हणाले तेव्हा तर जास्तच. तिच्या हातात रॉड दिला. माझा. जप्तीतला. रामहरीने तिला गळ कसा टाकायचा ते दाखवलं. माशाला ती हात लावणार नव्हती, म्हणून तो जाळी घेऊन शेजारी उभा. मी नारळाची करवंटी धरून होतो.

पहिल्याच गळाला रोहू. सगळे म्हणाले, वितीने मोजा. रामहरीची वीत पुढे झाली होती, ती म्हणाली, की माझी घ्या, यांना माझंच माप पसंत असतं. दोन विती भरला. सोडून दिला. लगेच पोहत गेला. नवशिक्यांना मिळतात असे मासे.

घरी येताना ती म्हणाली, की अण्णांचा फोन आल्यावर 'सुज्ञ नागरिक' कोण ते मला लगेच कळलं. सांगणार होते त्यांना खरं, पण मग त्यांनी विचारलं असतं, की मग पकडला गेला तो कोण. दोन्ही तुम्हीच, हे कोणाला पटलं असतं? म्हणून मान मीच घेतला.

रामहरीबद्दल आता मला काही वाटत नाही. चांगला माणूस आहे. सरोजिनीच्या स्टेटसला सकाळपासून चव्वेचाळीस जणांनी हार्ट टाकलंय. त्यात माझी सख्खी बहीण आहे. माझ्या माशाला तिने कधी साधा अंगठा दिला नव्हता.

संध्याकाळी

सोसायटीने तिला वर्षभराचा पास दिलाय. पुढच्या रविवारी जाणार म्हणते. कणीक मी मळायची आहे. घट्ट मळा म्हणाली, आज सकाळी तुम्ही मळलेली सैल होती.