पाच शब्द

१४ ऑगस्ट, गुरुवार

कॉल्बी हसत घरी आला. फुटबॉलच्या हंगामाआधी कॉलेजात संगणकावर डोक्याची परीक्षा घेतात — शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा. पुढे खेळताना डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, आणि दोन्ही ताडून बघायच्या. हा म्हणतो, "मी मुद्दाम चुकलो, आई! आत्ताच मठ्ठ ठरलो की मार बसल्यावरही तेवढाच मठ्ठ दिसेन. मग कोण मला बाहेर बसवतंय! सगळेच करतात."

मी म्हटलं, हा खोटेपणा झाला. त्याचा बाप वर्लिन तर खो-खो हसला. "आमच्या वेळी मार बसला की कोच बोटं दाखवायचा, किती ते विचारायचा. तीनची दोन सांगितली तरी म्हणायचा, जवळपास आहे, जा आत!"

वर्लिनही याच कॉलेजकडून चार वर्षं खेळला. याच जागी — बचावाच्या मधोमध. समोरून येईल त्याला आडवं करायचं, डोकं पुढे घालून. कॉल्बीचं हे शेवटचं वर्ष. पाठीवर नंबरही बापाचाच, ५२.

१३ सप्टेंबर

हरलो. ४१–६. सामन्यानंतर पोरांना खायला घालायची पाळी माझी होती. कोबी-खिमा भरलेले शंभर पाव, बिरॉक, केले, एक उरला नाही. हरल्यावर भूक जास्त लागते का काय!

वर्लिन मैदानाबाहेर अर्धा तास आपला ट्रक शोधत होता. अरे, आलो होतो माझ्या गाडीने!

२७ सप्टेंबर

पुन्हा हरलो. चारपैकी चार.

४ ऑक्टोबर

कॉल्बीला मार बसला. पडला, उठला — आणि जाऊन दुसऱ्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. लोक हसले. मी नाही हसले.

घरी दिवा सहन होईना. दोनदा ओकला. मी टॉवेल धरून उभी, तर मनगट पकडून म्हणतो, "परीक्षेचं कुणाला सांगणार नाहीस. हो म्हण." मी हो म्हटलं. आमच्या चर्चमध्ये शपथा घेत नाहीत. हो म्हटलं की झालं.

प्रभू, कशाला तोंड उघडलं मी!

६ ऑक्टोबर

पास झाला. दुखापती बघणारी जॅना म्हणाली म्हणे, "अगदी ऑगस्टइतकेच गुण! शनिवारी खेळ."

मी विचारलं, आजही मुद्दाम चुकलास?

बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "आज गरज नाही पडली."

८ ऑक्टोबर

प्रार्थनासभा. ज्याने त्याने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. अल्माने गुडघ्यासाठी, लॉयडने ज्वारी भिजू नये म्हणून. कुणीतरी म्हणालं, "आणि आपली पोरं एकदा तरी जिंकू देत." सगळे हसले, आमेन म्हणाले. मी गाऱ्हाणी उतरवायच्या वहीत डोकं घालून बसले. काय मागू? माझाच मुलगा, माझाच शब्द.

११ ऑक्टोबर

जिंकलो! १७–१४. अख्खं गाव मैदानात उतरलं. शेवटची झडप कॉल्बीची. लोक माझी पाठ थोपटत होते, आणि मी कॉल्बी नीट उभा राहतो का ते बघत होते.

परतताना कॉल्बीने विचारलं, "स्कोअर किती झाला?" सांगितला. पूल ओलांडल्यावर पुन्हा विचारलं. फाटकाशी पुन्हा.

वर्लिन स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला, "सोड ना, गड्या, माझ्याही लक्षात नाही! जिंकलो ना?"

१३ ऑक्टोबर

गेले. सांगितलं. जॅनाने त्याचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "मिसेस श्राग, असं सांगायला आजवर एकही आई आली नाही." माझ्यासमोरच तिने खेळाडूंच्या यादीतून त्याचं नाव खोडलं.

शब्द मोडला. क्षमा कुणाकडे मागू — देवाकडे की पोराकडे?

१४ ऑक्टोबर

कॉल्बी जेवायला आला नाही. दारातूनच म्हणाला, "तुला एकच गोष्ट सांगितली होती." वर्लिन भडकला तो माझ्यावरच. "शेवटचं वर्ष होतं त्याचं! त्याचं एक वर्ष खाल्लंस तू!" ताटली आपटली. हल्ली फार लवकर चिडतो. पूर्वी गाय लाथ मारी तरी हसायचा.

१८ ऑक्टोबर

हरलो.

१ नोव्हेंबर

हरलो. कॉल्बी बोलत नाही. पण कालपासून दिव्याखाली वाचतो.

१५ नोव्हेंबर

शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाची पोरं आईबापांचा हात धरून मैदानात येतात, आईला फूल देतात. बाकीचे पूर्ण पोशाखात, माझा साध्या कपड्यांत. फूल दिलं. नजर शेजारच्या खांबावर. मी थँक्यू म्हटलं, जसं दुकानात म्हणतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. कॉल्बी बरा आहे. जॅना त्याला रोज पाच शब्द देते, दहा मिनिटांनी विचारते. आज भोपळ्याच्या गोड पाईच्या आधी त्याने स्वतःच म्हटले — गाजर, कुलूप, नदी, चमचा, घोडा. पाई संपल्यावर घडाघडा पाचही. किती दिवसांनी हसला!

"आता बाबा, तुमची पाळी!"

वर्लिन म्हणाला, "गाजर…" मग थांबला. हातात चमचा होता, त्याच्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग आम्हांला विचारलं, "कसले शब्द?"

कॉल्बीचं हसू विरलं. त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं.